खाडीला सातबारा नसतो

मागच्या महिन्यात आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. ओहोटीच्या चिखलात आडवा पडलेला डॉल्फिन, पोट फुगलेलं, शेपटीला निळ्या नायलॉनचा तुकडा अडकलेला. फोटो कुठला, कधीचा, काढला कोणी, कोणालाच माहीत नाही आणि कोणी विचारलंही नाही. दहा मिनिटांत निकाल लागला. एक पार्टी म्हणाली ही कोळ्यांची जाळी आधी बंद करा, सरकार यांच्यापुढे किती दिवस झुकणार. दुसरी पार्टी, म्हणजे आमच्यातलेच दोन-तीन गाववाले, म्हणाले आधी तुमच्या टॉवरचं सांडपाणी खाडीत सोडायचं बंद करा, मग आम्हाला शिकवा, आणि काय हो, ताटात पापलेट कुठून येतं? रात्री साडेअकरापर्यंत हे चाललं, शेवटी अ‍ॅडमिनने ग्रुप रात्रीपुरता बंद केला. दुसऱ्या दिवशी एक गुळगुळीत पोस्टर आलं, निळ्या रंगात उडी मारणारा डॉल्फिन, खाली लिहिलेलं 'चला, सर्व घटक एकत्र येऊया'. त्याला एकोणीस अंगठे मिळाले.

मला दोन्ही पार्ट्या पटल्या नाहीत हे खरंय, पण सगळ्यात कमी पटलं ते पोस्टर. भांडणात निदान कोणीतरी कोणाला काहीतरी विचारत होतं. 'सगळ्यांनी मिळून' म्हटलं की विचारायचंच बंद होतं. माझं म्हणणं सरळ आहे. समुद्रातला एखादा प्राणी वाचवायचा तर ज्याचं जाळं कापलं जाणार आहे तो माणूस निर्णय व्हायच्या आधी बैठकीत पाहिजे, आणि ते जाळं भरून द्यायचे पैसे आधी बाजूला काढलेले पाहिजेत. या दोन गोष्टी नसतील तर नेव्ही आणा, शास्त्रज्ञ आणा, हिरो-हिरोइनी आणा, ते एकत्र येणं नाही, ते एकाला बाहेर ठेवून बाकीच्यांनी जमणं आहे.

आधी प्राणी कोणता ते बघू, कारण ग्रुपवर यावर एक ओळ कोणी लिहिली नाही. आपल्या कोकण-मुंबईच्या किनाऱ्याला जो दिसतो तो मुख्यतः हम्पबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटा पर. २०१७ पासून तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंस्थेच्या यादीत 'एन्डेंजर्ड', म्हणजे नामशेष व्हायच्या धोक्यात, आहे. हा खोल समुद्रात जात नाही, किनाऱ्याच्या उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी फिरतो. म्हणजे नेमका तिथेच जिथे लहान होडीवाला जाळं टाकतो, जिथे गटार येतं, जिथे बंदर खणतात, जिथे डॉल्फिन दाखवायला टुरिस्टच्या होड्या भरधाव सोडतात. मादीला एका वेळी एकच पिल्लू, तेही काही वर्षांनी. त्यामुळे एखाद्या कळपातल्या दोन-चार माद्या जाळ्यात गेल्या तर तो हिशोब लवकर भरून निघत नाही. आणि श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. मासा जाळ्यात अडकून तासभर तडफडतो, डॉल्फिन काही मिनिटांत बुडून मरतो. समुद्रातला प्राणी पाण्यात बुडून मरतो, हे वाक्य मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचावं लागलं होतं.

तर जाळ्यावाल्यांवर बोट ठेवणारी पार्टी पूर्ण चुकीची नाही, हे गाववाल्या मित्रांनी रागावू नये म्हणून आधीच मान्य करतो. जगभर डॉल्फिन आणि त्याचे चुलतभाऊ पॉर्पॉइज यांच्या जातीला आज सगळ्यात मोठा धोका जाळ्यांचाच आहे, त्यातही गिलनेटचा, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं टाकून ठेवलेलं बारीक नायलॉनचं जाळं. सांडपाणी, जहाजं, भराव हे सगळं वाईटच आहे पण त्यामुळे मरण हळूहळू येतं, जाळ्यात ते त्याच दिवशी येतं. 'आधी तुमचं गटार' हे उत्तर म्हणून ठीक नाही. माझ्या घरात कचरा आहे म्हणून तुझ्या घरातली आग विझवायची नाही, असं कसं चालेल?

पण मग 'बंद करा' म्हणणाऱ्यांनी मेक्सिकोकडे बघावं. तिथे कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या वरच्या टोकाला वाकिता नावाचा प्राणी आहे, डॉल्फिनचाच चुलतभाऊ, दीड मीटरच्या आतबाहेर, डोळ्याभोवती काजळ फासल्यासारखं काळं वर्तुळ. जगात फक्त तिथेच. १९५८ मध्ये शास्त्राला कळला आणि १९९७ च्या मोजणीत साधारण ५६७ होते. वाकिताला कोणी पकडायला जात नाही, तो मरतो तोतोआबा नावाच्या माशासाठी आणि कोलंबीसाठी लावलेल्या गिलनेटमध्ये. तोतोआबाच्या पोटातल्या फुग्याला चीनमध्ये सोन्याचा भाव. आपल्याला हे नवीन वाटायला नको, घोळ माशाच्या फुग्याचं काय होतं ते २०२१ मध्ये पालघरच्या मुरब्यात दिसलंच की, एका होडीला दीडशेच्या वर घोळ लागल्या आणि लिलाव सव्वा कोटीच्या पुढे गेला. फरक एवढाच की घोळ पकडणं गुन्हा नाही आणि तोतोआबा १९७५ पासून बंदीत आहे, म्हणजे तिथे सगळा धंदा चोरीचा, आणि चोरीच्या धंद्यात गुंड येतातच.

आता बघा कोण कोण एकत्र आलं. मेक्सिकोचं सरकार, त्यांची नेव्ही, अमेरिकेतले शास्त्रज्ञ, आंतरराष्ट्रीय समिती, सी शेपर्ड या समुद्री प्राणी वाचवणाऱ्या संघटनेची जहाजं. २०१७ च्या जूनमध्ये मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष, हॉलीवूडचा हिरो लिओनार्डो डिकॅप्रिओ आणि मेक्सिकोचे अब्जाधीश कार्लोस स्लिम यांची फाउंडेशनं यांनी मिळून करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी वाकिता पकडून सुरक्षित ठेवायची मोहीम काढली, शोधायला अमेरिकन नेव्हीने शिकवलेले डॉल्फिनसुद्धा आणले होते. दोन वाकिता हाती लागल्या, एक लहान होती ती सोडून द्यावी लागली, दुसरी मोठी मादी त्याच दिवशी ताणाने मेली. मोहीम गुंडाळली. २०१६ पर्यंत आकडा तीसच्या घरात आला होता आणि २०२३ च्या पाहणीत साधारण दहा-तेरा दिसल्या. सगळे एकत्र येऊनही ५६७ चे दहा झाले. मग कोण राहिलं होतं यायचं?

तिथल्या किनाऱ्यावरच्या सॅन फेलिपे आणि गोल्फो दे सांता क्लारा या गावांचे मच्छीमार. त्यांना बोलावलंच नाही असं मी म्हणत नाही, बोलावलं होतं, पण बंदी ठरल्यावर सांगायला. २०१५ मध्ये दोन वर्षांची तातडीची गिलनेटबंदी आली, भरपाईही जाहीर झाली, पैसे परमिटवाल्यांच्या नावावर गेले आणि दुसऱ्याच्या होडीवर जाणाऱ्या खलाशापर्यंत नीट पोचलेच नाहीत. गिलनेटऐवजी काय वापरायचं, त्याला परमिट कोण देणार, त्या जाळ्यात कमी माल आला तर फरक कोण भरणार, हे वर्षानुवर्षं लटकत राहिलं. मग सरकार बदललं आणि २०१८ च्या शेवटी भरपाईही थांबली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१९ ला, तिथल्या होड्यांनी सी शेपर्डच्या जहाजाला घेरून त्यावर पेट्रोल बॉम्ब फेकले. हे समर्थन नाही, पण आश्चर्य वाटण्यासारखंही काही नाही.

इथे समोरच्याचा सगळ्यात दमदार मुद्दा येतो आणि तो मी टाळणार नाही. २०२२ मध्ये मेक्सिकन नेव्हीने वाकिताच्या शेवटच्या पट्ट्यात समुद्राच्या तळाशी १९३ सिमेंटचे ठोकळे टाकले, प्रत्येकावर लोखंडी आकडा, जाळं टाकलं की आकड्यात अडकून फाटणार. आणि ते चाललं. त्या पट्ट्यात जाळी एकदम कमी झाली, नंतरच्या पाहण्यांत पिल्लं दिसली. मग चर्चा कशाला, सरळ ठोकळे टाका की! खरं सांगू? दहा उरलेले असताना मीही ठोकळेच टाकले असते. माणूस आयसीयूमध्ये असेल तर व्हेंटिलेटर लावतात, नातेवाइकांची बैठक घेत नाहीत. पण आयसीयू ही उपचारपद्धती नसते, ती आधीचे सगळे उपचार फसल्याची पावती असते. ५६७ असताना कोणी ठोकळे टाकले नाहीत, टाकताही आले नसते, कारण तेव्हा तो पट्टा एवढासा नव्हता, आखाताचं अख्खं वरचं टोक होतं. आजही वाकिता त्या पट्ट्याच्या बाहेर गेली की बाहेर जाळी आहेतच. आपला हम्पबॅक डॉल्फिन अजून गुजरातपासून खाली केरळापर्यंत सगळ्या किनाऱ्याला आहे. सातशे-आठशे किलोमीटरच्या कोकण किनाऱ्यावर किती ठोकळे टाकणार, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला किती पोलीस?

दुसरा एक जुना किस्सा आहे जो माझ्या मते या वादात सगळ्यात कामाचा आहे आणि आपल्याकडे कोणाला फारसा माहीत नाही. पॅसिफिक महासागराच्या पूर्वेकडच्या भागात टुना मासा आणि डॉल्फिन यांचे कळप एकत्र फिरतात, का ते एक कोडंच. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन बोटी पर्ससीन, म्हणजे अख्ख्या कळपाला गोल घेरून खालून आवळायचं मोठं जाळं, घेऊन तिथे उतरल्या, डॉल्फिन दिसले की खाली टुना आहे म्हणून सगळ्यांनाच घेरायच्या. साठच्या दशकात वर्षाला लाखांनी डॉल्फिन मेले. लोकांना कळलं, चिडले, १९७२ मध्ये अमेरिकेत समुद्री सस्तन प्राण्यांचा कायदा आला. पण डॉल्फिन जिवंत बाहेर कसे काढायचे हे कायद्याला कुठे माहीत होतं? ते सॅन डिएगोच्या कॅप्टनांना माहीत होतं, कारण फाटलेलं जाळं शिवायला रात्र त्यांचीच जायची. त्यांनी कायद्याच्या आधीच युक्ती काढली होती, जाळं अर्धं ओढलं की बोट रिव्हर्समध्ये टाकायची, मग जाळ्याची टोकाची कड पाण्याखाली जाते आणि डॉल्फिन वरून निघून जातात, टुना खाली राहतो. पुढे मेडिना नावाच्या एका कॅप्टनने त्याच टोकाला बारीक विणीचा पट्टा लावला म्हणजे डॉल्फिनची चोच आणि पर अडकणार नाहीत. त्याला आजही मेडिना पॅनल म्हणतात. कुठल्या लॅबमध्ये नाही, डेकवर बनलेली गोष्ट.

आता प्रामाणिक राहायचं तर किस्सा इथेच थांबवता येत नाही, कारण तो मग माझ्या बाजूने जरा जास्तच गोड होतो. युक्ती माहीत असूनही सगळ्या बोटी ती करत नव्हत्या, वेळ जातो ना. नव्वदच्या दशकात मोठ्या बोटींवर निरीक्षक बसले, प्रत्येक बोटीला मरणाऱ्या डॉल्फिनचा कोटा ठरला, संपला की घरी जा. तेव्हा आकडा लाखांवरून काही हजारांच्या खाली आला. म्हणजे डोकं मच्छीमाराचं आणि काठी सरकारची, दोन्ही लागलं. नुसती काठी असती तर बोटवाल्यांनी झेंडे बदलून दुसऱ्या देशात नोंदणी केली असती, काहींनी केलीच, आणि नुसतं डोकं असतं तर ज्याला घाई तो आपला डॉल्फिन मारतच राहिला असता. पण क्रम बघा. आधी युक्ती सापडली, मग सक्ती झाली. मेक्सिकोत उलटं झालं, आधी सक्ती, आणि युक्तीवर प्रयोग अजून चालूच.

आपल्याकडे काय परिस्थिती आहे? मला वाटतं आपण बऱ्यापैकी नशीबवान आहोत आणि आपल्यालाच ते माहीत नाही. गुजरातेत व्हेल शार्क हा मासा (मासाच तो, सस्तन नाही, पण उदाहरण चपखल आहे) तेलासाठी भाल्याने मारायचे. २००१ मध्ये तो कायद्याने संरक्षित झाला, पण वेरावळच्या बंदरावर कायद्याची प्रत कोण वाचतो? २००४ मध्ये मोहीम निघाली, रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला 'व्हाली' म्हणजे लाडकी म्हटलं, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. लेकीला भाला मारायचा का? झालं. तेव्हापासून शेकडो व्हेल शार्क मच्छीमारांनी आपली जाळी कापून सोडलेत. नुसत्या भावनेवर नाही, वनखातं जाळ्याची भरपाई देतं आणि पुरावा म्हणून फोटो मच्छीमारच काढतो, साहेब यायची वाट बघावी लागत नाही. हे शेवटचं बारीकसं वाटतं पण सगळी गोम तिथेच आहे. साहेब येईपर्यंत जनावर जिवंत राहत नाही.

महाराष्ट्रातही हे आहे. डिसेंबर २०१८ पासून आपल्या वनखात्याच्या कांदळवन कक्षाची आणि मत्स्यव्यवसाय विभागाची योजना चालू आहे, संरक्षित प्राणी जाळ्यात आला, जाळं कापून सोडला, फोटो-व्हिडिओ दिला तर २५ हजारांपर्यंत भरपाई. कासवं, व्हेल शार्क, डॉल्फिन सगळे त्यात बसतात. ग्रुपवर 'बंद करा' लिहिणाऱ्या एकालाही ही योजना माहीत नव्हती, आणि मी विचारलं तेव्हा गाववाल्यांपैकी एकालाच माहीत होती.

त्यावर लगेच एक काका म्हणाले, मग काय, लोक खोटे फोटो देऊन पैसे खातील, जुनं फाटकं जाळं दाखवतील. खातील काही जण. पीकविम्यात खात नाहीत? म्हणून पीकविमा बंद करायचा का? पण मला फसवणुकीपेक्षा उलटी भीती जास्त वाटते. बेलापूरजवळच्या दिवाळे गावाच्या जेट्टीवर माझ्या ओळखीचे एक नाखवा आहेत, साठीचे, मी त्यांना दादा म्हणतो. त्या फोटोनंतर त्यांच्याकडे गेलो तर ते सावलीला बसून जाळं सांधत होते, डाव्या पायाचा अंगठा जाळ्यात अडकवून ते ताणून धरायचं आणि उजव्या हाताने सुई फिरवायची, बोलताना हात थांबत नाही. मी विचारलं दादा, डॉल्फिन आला तर जाळं कापाल का? ते म्हणाले, "कापतो ना. जिवंत हाय तं कापतोच, तो ओरडतो, माहीत हाय का तुला? लेकरासारका. पन कापलेला जाला परत पान्यात जायाला आठ दिस. त्या आठ दिसांचा कोन देनार?" मग त्यांनी सुई बाजूला ठेवून बोटांवर हिशोब केला. डिझेल, बर्फ, दोन खलाशी, त्यातला एक आगाऊ पैसे घेतलेला. म्हणजे भरपाई जाळ्याची मिळते, बुडालेल्या उधाणाची नाही. उधाणाचे दिवस महिन्यात मोजकेच, ते गेले की भांग लागतो, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीचे दिवस, भांगात पाण्याला ओढ नाही, डोल, म्हणजे ओढीच्या पाण्यात लावायचं पिशवीसारखं जाळं, टाकून उपयोग नाही. ज्याला हे माहीत नाही तो २५ हजार ऐकून म्हणतो, अरे मग अजून काय पाहिजे यांना?

माझ्या मते फसवणूक करणाऱ्यापेक्षा गप्प बसणारा धोकादायक. जाळ्यात मेलेला डॉल्फिन सापडला आणि सांगितलं तर आपल्यालाच नोटीस येईल असं वाटलं की तो रात्री दगड बांधून खाली सोडला जातो, मग किती मेले हे कोणाला कधीच कळत नाही. आणि आकडाच नसेल तर शास्त्रज्ञ तरी काय करणार? गंमत बघा, आपल्या समुद्रातले डॉल्फिन-देवमासे नीट मोजायला सीएमएफआरआय ही केंद्राची सागरी मत्स्य संशोधन संस्था जोरात लागली त्यामागे मोठं कारण आपलं प्राणिप्रेम नव्हतं, अमेरिकेने नियम केला की ज्या देशात समुद्री सस्तन प्राण्यांची काळजी घेतली जात नाही तिथलं सी-फूड घेणार नाही. कोलंबी अडकायची वेळ आली तेव्हा डॉल्फिन आठवला. असो, मोजतायत ना, चांगलंच आहे.

आता नवी मुंबईकर म्हणून माझा खरा मुद्दा. इथे बसून 'मच्छीमारांना विश्वासात घ्या' म्हणताना आपल्याला लाज वाटली पाहिजे, कारण हे शहर तसंच बसलंय. १९७० पासून सिडकोने पंच्याण्णव गावांची जमीन घेतली. शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागलं, १९८४ च्या जानेवारीत जासईला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील यांचं नाव विमानतळाला द्यायचं राज्य सरकारने ठरवलं, ते त्या रक्तातून आलेलं आहे. पण साडेबारा टक्के मिळाले कोणाला? ज्याच्या नावावर जमीन होती त्याला. खाडीला सातबारा नसतो. ज्याची शेती पाण्यात होती त्याच्या नावावर काहीच नव्हतं, त्यामुळे त्याचं काही गेलंच नाही असं कागदावर झालं. अगदी अलीकडे वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या वेळीसुद्धा मच्छीमारांना भरपाईसाठी हायकोर्टात जावं लागलं, २०२१ मध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रत्येक वेळी आधी काम, मग आंदोलन, मग कोर्ट, मग पैसे. अशा माणसाला तुम्ही उद्या सांगणार की दादा, डॉल्फिनसाठी इकडे जाळं टाकू नका, तुमचं नुकसान होऊ देणार नाही. तो का विश्वास ठेवेल? तुम्ही ठेवाल?

मालवणचं घ्या. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटर. हेतू चांगला होता, प्रवाळ, मासे, सगळं तिथे आहे. पण मच्छीमारांना ते आपल्यावर आलेलं संकट वाटलं आणि विरोध आजतागायत मिटलेला नाही, अभयारण्य जास्त करून कागदावरच आहे. त्याच सिंधुदुर्गातले तेच पारंपरिक मच्छीमार पर्ससीनच्या आणि एलईडी लाइटच्या मासेमारीविरुद्ध रस्त्यावर उतरले, २०१६ मध्ये राज्य सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले. म्हणजे समुद्र वाचवायला त्यांची ना नाही, उलट आपल्याआधी तेच ओरडत होते! म्हणून 'कोळी' असा एक गठ्ठा बांधून बोलणाऱ्यांचा मला राग येतो. पर्ससीनचा मालक, डोलवाला, खाडीत चिंबोऱ्या आणि निवट्या पकडणारी बाई, या तिघांचं काय एक आहे? डॉल्फिनच्या बाबतीत तिघांचा दोष तरी सारखा आहे का?

आणि बंदी कोळ्याला परकी आहे असं कोणी समजत असेल तर त्याने नारळी पौर्णिमा कशाला असते ते विचारावं. आज सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै आहे, पण सरकार जन्मायच्या आधीपासून पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असायच्या आणि पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कोणी खोल जात नव्हतं. त्यात वादळाची भीती होती, हो, पण माशांना अंडी घालायला मोकळीक मिळत होती हे त्यांनाही कळत होतं. ही बंदी पोलिसाशिवाय पाळली गेली कारण ती सगळ्यांना सारखी होती आणि कोणी बाहेरून येऊन घातली नव्हती. आज तर उलट बरेच मच्छीमारच म्हणतायत बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा. हे आपल्या ग्रुपवर कोणी फॉरवर्ड करत नाही, यात मेलेला डॉल्फिन नाही ना.

काही गोष्टी इथेच खाडीवर चांगल्या झाल्या आहेत हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी नुसता कुरकुऱ्या वाटेन. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने फ्लेमिंगो बघायला लोक जातात, त्या बोटींवर आजूबाजूच्या गावातली पोरं काम करतात, कांदळवनाच्या योजनेतून काही गावांत बचत गट खेकडे पाळतात. परिपूर्ण नाही, खाडीच्या वासावरूनच कळतं, पण पक्षी उडून गेला तर आपला धंदा उडून जातो हे तिथल्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. डॉल्फिनच्या बाबतीत असं काही उभं राहू शकतं का? राहू शकतं, पण डॉल्फिन सफारी म्हणजे कळपाच्या अंगावर बोट घालणं असेल तर नको. दापोली-मालवणला मी बघितलंय, सहा-सहा बोटी एका मादीमागे, आणि 'वर आला, वर आला' ओरडणारे आपणच. त्याला संवर्धन म्हणायचं तर मग बैलगाडा शर्यतीला गोसेवा म्हणा.

तर त्या पोस्टरची बैठक झाली. मी गेलो होतो. एसी हॉल, चाळीसेक माणसं, वडापाव, प्रोजेक्टर, निसर्गप्रेमी तरुण मंडळी, दोन रिटायर्ड अधिकारी, एक कॉलेजचे प्राध्यापक. सगळे मनापासून आलेले, मी खिल्ली उडवत नाहीये. ठराव झाले, 'खाडीमुखाशी गिलनेटमुक्त पट्टा' असाही एक. मच्छीमार शून्य. आयोजक वैतागून म्हणाले, आम्ही तीन गावांच्या मच्छीमार सोसायट्यांना पत्रं दिली होती, मेसेज केले होते, यांनाच इंटरेस्ट नाही, मग म्हणतात आम्हाला विचारत नाही. मलाही क्षणभर पटलं. संध्याकाळी परत दिवाळ्याला गेलो तर जेट्टी रिकामी, दादा रात्री नऊला आले, अंगावरून पाणी गळतंय. मी जरा चिडूनच विचारलं, आला का नाहीत? ते माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट केलं. रविवार होता, पौर्णिमेचा दुसरा दिवस, भर उधाण. म्हणाले, "महिन्यात धा दिस आमचं, त्यातला बरोबर एक तुमी काडला. अष्टमीला ठेवा. भांग असतो, सगली घरीच."

मी ग्रुपवर टाकलं की पुढची बैठक अष्टमीला ठेवूया आणि दिवाळ्याला, जेट्टीवरच ठेवूया, आणि तो गिलनेटमुक्त पट्ट्याचा ठराव तोपर्यंत कोणाला पाठवू नये. बराच वेळ काही नाही. मग एका वहिनींचा मेसेज आला: अष्टमीला का, काही पूजा आहे का?